नाकबुलीची उमेदवारी

जिल्हा न्यायालयांच्या आवारात दरवर्षी सनद घेऊन उतरणाऱ्या तरुण वकिलांपैकी कित्येकांची पहिली चार-पाच वर्षे विमा कंपनीच्या पॅनेलवरील एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली मोटार अपघाताचे दावे चालविण्यात जातात. हे काम भाग्याचे मानले जाते. फायलींचा ओघ आटत नाही, तारखा रोज असतात, साक्षीदार समोर येतात आणि उलटतपास घ्यावयास मिळतो. दिवाणी दाव्यात दहा वर्षांत जो सराव होणार नाही, तो येथे दोन वर्षांत होतो, असे ज्येष्ठ मंडळी सांगतात आणि त्यात तथ्यही आहे. परंतु या उमेदवारीत तरुण वकील नेमके काय शिकतो, त्याच्या पदरात काय पडते आणि त्याच्या शिक्षणाची खरी किंमत कोण मोजतो, हे तीन प्रश्न न्यायालयाच्या बाररूममध्ये सहसा विचारले जात नाहीत. ते जाहीरपणे विचारण्याची वेळ आली आहे.

प्रथम कायद्याचा हेतू पाहू. रस्त्यावर मोटार आली तेव्हा तिच्याखाली सापडणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न आला. मोटारमालक गरीब असो वा पळून जावो, मृताचे कुटुंब उघड्यावर पडू नये म्हणून १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला. दिवाणी न्यायालयात हे दावे वर्षानुवर्षे कुजतात हे दिसल्यावर १९५६ च्या दुरुस्तीने स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली. चूक कोणाची हे सिद्ध करण्याचा बोजा अनाथ झालेल्या कुटुंबावर टाकणे अन्यायाचे आहे, या भरपाईच्या कायद्याने निर्दोष-दायित्वाच्या दिशेने गेले पाहिजे, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७९ साली सर्वोच्च न्यायालयातून बजावले. १९८२ साली संसदेने तसे पहिले पाऊल उचलले: दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी १५,००० आणि कायम अपंगत्वासाठी ७,५०० रुपये. १९८८ च्या नव्या कायद्याने आणि १९९४ च्या दुरुस्तीने हे आकडे वाढले. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ही रक्कम लागू झाली. यापेक्षा अधिक भरपाई मागणाऱ्याने कलम १६६ खाली अर्ज करावयाचा; न्यायाधिकरणाने कलम १६९ खाली संक्षिप्त चौकशी करावयाची आणि कलम १६८ खाली ‘न्याय्य’ वाटेल ती भरपाई ठरवावयाची. कायद्याने वापरलेला शब्द ‘न्याय्य’ हा आहे. ‘कमीतकमी’ हा शब्द त्यात कोठेही नाही.

आता व्यवहार पाहू. तरुण वकिलाच्या हाती पहिले काम येते ते लेखी कैफियतीचे. जुन्या कैफियतीची प्रत समोर ठेवावयाची, नाव व क्रमांक बदलावयाचे आणि अर्जातील प्रत्येक परिच्छेदापुढे एकच शब्द लिहावयाचा: नाकबूल. अपघात झाला, हे नाकबूल. अपघातात मयताचा मृत्यू झाला, हे नाकबूल. अर्जदार ही मयताची विधवा आहे, हे नाकबूल. मयताचे वय, धंदा, उत्पन्न, सारे नाकबूल. अर्जदाराने काटेकोर पुराव्याने शाबीत करावे. पोलिसांचा घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि विम्याची पॉलिसी त्याच फायलीत टाचलेली असते. कंपनीच्या अन्वेषकाचा अहवालही पुष्कळदा सांगत असतो की, अपघात खरा आहे. तरीही कैफियत तीच असते, कारण साचा तोच असतो. ज्याने नुकतीच सत्यनिष्ठेची शपथ घेऊन सनद मिळविली, त्याला त्याच्या धंद्यातले पहिले वाक्य म्हणून खरे ठाऊक असलेली गोष्ट नाकारावयास शिकविले जाते. या शिक्षणाचे परिणाम कैफियतीच्या कागदापुरते राहात नाहीत.

दुसरे काम उलटतपासाचे. त्यामागचे गणित सामान्य वाचकाला ठाऊक नसते, म्हणून ते मांडून दाखवितो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निवाड्यांत भरपाईची रीत ठरवून दिली आहे. समजा, चौतीस वर्षांचा एक गवंडी ट्रकखाली गेला. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. त्याचे उत्पन्न महिना १५,००० धरले तर वर्षाचे १,८०,००० होते. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसाच्या भावी उत्पन्नवाढीसाठी ४० टक्के मिळवावयाचे, म्हणजे २,५२,०००. चार जण अवलंबून असल्यामुळे त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा, उरले १,८९,०००. त्या वयाचा गुणक १६. भरपाई झाली ३०,२४,००० रुपये. आता वकिलाने उलटतपासात पुरावा हाणून पाडला आणि न्यायाधिकरणाने उत्पन्न महिना ८,००० धरले, तर याच रीतीने आकडा येतो १६,१२,८०० रुपये. म्हणजे या कुटुंबाच्या बाबतीत महिन्याच्या उत्पन्नातील एकेका रुपयाची किंमत २०१ रुपये ६० पैसे आहे. ‘तुमचे पती कोणत्या ठेकेदाराकडे होते? त्याने पगाराची पावती दिली होती काय? बँकेत खाते होते काय? मग पंधरा हजार मिळत होते हे तुम्ही केवळ भरपाईसाठी सांगता, असे म्हटले तर खरे आहे काय?’ या चार प्रश्नांत चौदा लाख अकरा हजार दोनशे रुपये एका घरातून उचलले जातात, आणि ते उचलणाऱ्याला संध्याकाळी शाबासकी मिळते.

येथे थांबून विचार करावयास हवा. त्या गवंड्याला पगाराची पावती कोणी दिली नाही? ज्या व्यवस्थेने असंघटित मजुराला हजेरीपत्रक, पावती आणि भविष्यनिर्वाह निधी यांपासून आयुष्यभर दूर ठेवले, तीच व्यवस्था त्याच्या मरणानंतर त्याच्या विधवेकडे पावती मागते. ठेकेदाराने कायदा मोडला म्हणून दंड ठेकेदाराला होत नाही. तो दंड मजुराच्या मुलांच्या भरपाईतून वसूल होतो. असंघटितपणाची ही दुसरी लूट आहे, आणि ती कायद्याच्या भाषेत, शिष्टाचाराने, न्यायाधीशांसमोर होते.

ऊसतोड मजुरांच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक उघडी पडते. बीडकडून पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे निघालेली जोडपी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात, कारण मुकादमाने दुसरे वाहन दिलेले नसते. ट्रॉली उलटली की कैफियतीत लिहिले जाते: वाहन शेतीच्या कामासाठी विमा उतरविलेले होते, त्यात प्रवासी नेण्याची परवानगी नव्हती, पॉलिसीच्या अटींचा भंग झाला. मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्यांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालच्या आशा राणी निवाड्यात म्हटले आहे, आणि वकिलाने तो निवाडा दाखविला तर तो खोटे बोलतो असे म्हणता येणार नाही. परंतु पुढे पाहा. मृत झालेली स्त्री असेल तर विचारले जाते, तिचे स्वतंत्र उत्पन्न किती? मुकादमाची उचल मिळते ती कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला मिळून. पहाटेपासून उसाच्या मोळ्या बांधणाऱ्या त्या बाईच्या नावावर एक रुपयाही लिहिलेला नसतो. तिचे श्रम जिवंतपणी नवऱ्याच्या हिशेबात गेले आणि मेल्यावर शून्य ठरले.

घरकाम करणाऱ्या स्त्रीची कथाही तीच. १९९४ साली कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत उत्पन्न नसलेल्या व्यक्तीचे काल्पनिक उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरले गेले, आणि दोन दशकांहून अधिक काळ, महागाई कोठल्या कोठे गेली तरी, तो आकडा पुस्तकात तसाच राहिला. गृहिणीच्या श्रमाला किंमत आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २००१ साली, पुन्हा २०१० साली आणि पुन्हा जानेवारी २०२१ मध्ये सांगावे लागले. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकामात स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालविते आणि पुरुष ९७ मिनिटे. २०२१ च्या निवाड्यात न्यायालयाने हे आकडेही पुढे ठेवले. एकच गोष्ट तीनदा का सांगावी लागते? कारण खालच्या पायरीवर ती प्रत्येक दाव्यात नव्याने नाकारली जाते, आणि नाकारण्याचे काम ज्याच्याकडे असते तो बहुधा पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते.

हाच प्रकार वाहन-परवान्याच्या बचावात झाला. हलक्या मोटारीचा परवाना असलेला माणूस टेम्पो चालवीत होता, त्यावर वाहतूक वाहनाची वेगळी नोंद नव्हती, सबब कंपनीची जबाबदारी नाही, असा बचाव वर्षानुवर्षे घेतला गेला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कंपन्यांनी फेरविचारासाठी आग्रह धरला. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनांबाबत तो पुन्हा फेटाळला. मोटारसायकलवर तिघे बसले होते एवढ्यावरून मागे बसलेल्याची सहनिष्काळजी सिद्ध होत नाही, हेही २०२० साली न्यायालयाला सांगावे लागले. मधल्या काळात ज्या घरांनी पैशाविना वाट पाहिली, त्यांची गणती कोणत्याही निवाड्यात नाही. भरपाईवर व्याज मिळते हे खरे. परंतु न्यायालय देते त्या व्याजाचा दर आणि सावकार घेतो त्या व्याजाचा दर यांतले अंतर गरिबाला समजावून सांगावे लागत नाही. लोकअदालतीत अर्ध्या रकमेवर अंगठा उठतो तो याच अंतरापोटी.

मग या साऱ्याचा दोष त्या तरुण वकिलाला द्यावयाचा काय? आमच्या काही मित्रांचे उत्तर ‘होय’ असे आहे. असली वकीलपत्रे घेणारी मुले विकली गेली, असे ते म्हणतात. हे मत आम्हाला मान्य नाही. ज्याला विकले जावयाचे असते त्याला निदान दाम तरी मिळतो. येथे कंपनी फी देते ती पॅनेलवरील ज्येष्ठाला. तीही ठरीव दराने आणि पुष्कळदा बिले महिनोन्महिने तुंबवून. त्या ज्येष्ठाकडून कनिष्ठाला काय मिळते? कोठे प्रवासखर्च, कोठे दिवाळीला पाकीट, कोठे ‘शिकतो आहेस हेच पुष्कळ’ हे आश्वासन. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठ वकिलांना शहरात किमान २०,००० व ग्रामीण भागात किमान १५,००० रुपये दरमहा द्यावेत, असे परिपत्रक काढले. ती शिफारस आहे, सक्ती नाही. कामगार कायद्याच्या दृष्टीने कनिष्ठ वकील कामगार नव्हे. त्याला हजेरीपत्रक नाही, रजा नाही, पावती नाही. ग्रामीण वकिलासाठी सुचविलेला आकडा आणि आपल्या उदाहरणातील गवंड्याचे उत्पन्न एकच आहे, आणि दोघांजवळही ते सिद्ध करण्याचा कागद नाही.

या साम्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. उद्या तालुक्याच्या न्यायालयाकडे तारखेला निघालेला हाच कनिष्ठ वकील महामार्गावर ट्रकखाली गेला, तर त्याची आई न्यायाधिकरणासमोर उभी राहील. तिला विचारले जाईल, मुलाला महिना किती मिळत होते? पावती आहे काय? ज्येष्ठ वकील साक्षीस येतील काय? मुलगा अविवाहित असल्यामुळे त्याच्या उत्पन्नाचा निम्मा भाग तो स्वतःवरच खर्च करीत असणार, असे गृहीत धरून तेवढा वजा होईल. हे प्रश्न विचारणारा त्याचाच सनदबंधू असेल, आणि कैफियत त्याच साच्यातली असेल. भारतातील रस्त्यांवर २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे मेली. या आकड्यापासून कोणत्याही धंद्याला सूट नाही.

विमा कंपन्यांची बाजू घेणारे तीन युक्तिवाद करतात; ते तपासून पाहू. पहिला असा की, खोटे दावे फार होतात. होतात, हे खरे आहे. उत्तर प्रदेशात तर अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ साली बनावट दाव्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. अर्जदाराच्या बाजूनेही भरपाईत टक्केवारी ठरवून घेणारे वकील आहेत. बार कौन्सिलच्या नियमांनी अशी फी निषिद्ध असूनही हा व्यवहार चालतो. त्याचा आम्ही तितकाच निषेध करतो. परंतु खोटा दावा पकडण्याचा उपाय म्हणजे चांगला तपास. प्रत्येक दावा सरसकट नाकबूल करण्याने खोटा पकडला जात नाही. खोटा अर्जदार तर बनावट पावतीही घेऊन येतो. सरसकट नाकबुलीत सापडते ती पावती नसलेली खरी विधवा.

दुसरा युक्तिवाद असा की, वकिलाने अशिलाची बाजू निर्भयपणे मांडली पाहिजे. न्याय देणे न्यायाधीशाचे काम. बाजू मांडलीच पाहिजे. पॉलिसी खोटी असेल, वाहन दुसरेच असेल, आकडा फुगविलेला असेल, तर विमा कंपनीच्या वकिलाने लढलेच पाहिजे. तो निधी सर्व वाहनधारकांचा आहे. परंतु याच बार कौन्सिलचे नियम असेही सांगतात की, वकिलाने स्वतःला अशिलाचे केवळ मुखपत्र समजू नये आणि अशिलाला अनुचित मार्गापासून परावृत्त करावे. हा नियम तरुण वकिलाला कोण शिकवितो? ज्याचे पुढच्या महिन्याचे पाकीट अनिश्चित आहे, त्याने कंपनीच्या अधिकाऱ्याला ‘हा दावा खरा आहे, तडजोड करा’ असे लिहून देण्याचे धैर्य कोठून आणावयाचे? नीतिधर्माचे पालन करण्यासाठीही पोटाला आधार लागतो. तो न देता नीतीचे पाठ देणे हा ढोंगीपणा आहे.

तिसरा युक्तिवाद ज्येष्ठांचा: ही उमेदवारी आहे, आम्हीही अशीच केली. परंपरा म्हणून अन्याय समर्थनीय ठरत असता तर या देशात कोणतीच सुधारणा झाली नसती. शिवाय या परंपरेचा परिणाम ठरलेला आहे. ज्यांच्या घरी पाच वर्षे पोसण्याची ऐपत आहे तेच टिकतात. शेतमजुराची, गवंड्याची, ऊसतोड कामगाराची मुले सनद घेऊनही दुसरी वाट धरतात. म्हणजे ज्याला कोयत्याचा हिशेब घरच्या अनुभवातून कळतो, तोच या न्यायालयातून बाहेर पडतो.

या प्रश्नाची एक सार्वजनिक बाजू आहे, आणि ती आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. १९७२ च्या कायद्याने सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. शंभरावर खासगी कंपन्यांचे व्यवसाय एकत्र करून १९७३ पासून चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. नफेखोरीच्या जागी सामाजिक सुरक्षितता यावी, हे त्या राष्ट्रीयीकरणाचे नैतिक समर्थन होते. परंतु न्यायाधिकरणात उभी राहिली तेव्हा सरकारी कंपनीची कैफियत खासगी कंपनीच्या कैफियतीहून वेगळी झाली नाही. मालकी बदलली, साचा तोच राहिला. १९९९ नंतर हे क्षेत्र पुन्हा खासगी भांडवलाला खुले झाले. परकीय गुंतवणुकीची मर्यादा २६ टक्क्यांवरून २०१५ साली ४९ आणि २०२१ साली ७४ टक्के झाली. त्याच वर्षी सरकारी कंपन्यांतील सरकारचा वाटा निम्म्याखाली नेण्यास वाट करून देणारी दुरुस्तीही झाली. तेव्हा सामान्य जनता रस्त्यावर का आली नाही, याचे एक उत्तर न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात आहे. ज्या विधवेला ‘आपल्या’ कंपनीने दहा वर्षे नाकबूल केले, ती त्या कंपनीसाठी कशाला लढेल? सार्वजनिक क्षेत्राचे रक्षण करावयाचे असेल तर त्याची वागणूकही सार्वजनिक असली पाहिजे.

आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांपैकी पहिलीसाठी नवा कायदाही नको. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १४९ मध्ये अशी तरतूद आली आहे की, अपघाताची माहिती मिळताच विमा कंपनीने अधिकारी नेमावा आणि त्याने तीस दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यावा. २०२२ च्या नियमांनी पोलिसांवरही ठराविक मुदतीत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे देण्याची जबाबदारी टाकली आहे. सरकारी कंपन्यांनी ही तरतूद प्रत्यक्षात आणावी आणि किती प्रस्ताव दिले, किती रकमेचे दिले, हे दरवर्षी जाहीर करावे. दुसरे, अन्वेषकाने खऱ्या ठरविलेल्या गोष्टी कैफियतीत नाकारू नयेत, आणि मजुराचे उत्पन्न किमान वेतनाखाली दाखविण्याचा युक्तिवाद कोणत्याही सरकारी कंपनीच्या वतीने होऊ नये. सरकारने ठरविलेले वेतन सरकारच्याच कंपनीने नाकारणे ही नामुष्की आहे. तिसरे, पॅनेलच्या फीमध्ये कनिष्ठ वकिलाचा हिस्सा वेगळा ठरवून तो थेट त्याच्या खात्यात जमा व्हावा. बार कौन्सिलची शिफारस सक्तीची व्हावी. चौथे, १९९४ साली काढून टाकलेली आणि २०२२ पासून पुन्हा लादलेली सहा महिन्यांची मुदत रद्द व्हावी. दहनानंतर कागद गोळा करणाऱ्या निरक्षर कुटुंबाला ती पाळता येत नाही.

या मागण्यांसाठी विधवांच्या संघटना आणि मजुरांच्या संघटना लढतीलच. परंतु आमचे आवाहन मुख्यतः त्या तरुण वकिलांना आहे. त्यांनी वकिली सोडावी असे आम्ही म्हणत नाही. विमा कंपनीची बाजू घेऊ नये असेही म्हणत नाही. त्यांनी एकत्र यावे, आपल्या श्रमाचा मोबदला हक्काने मागावा आणि त्याच सभेत ठराव करावा की, खरे ठाऊक असलेली गोष्ट आपल्या सहीने नाकबूल केली जाणार नाही. या दोन मागण्या वेगळ्या नाहीत. ज्याला स्वतःच्या कामाची पावती मागण्याची लाज वाटत नाही, त्यालाच दुसऱ्याच्या पावती नसलेल्या श्रमाची किंमत कळते.